जमिनीपर्यंत

इब्राच्या दवाखान्यात सकाळी पहिली येते नसरा बिंत खलफान.
कार्डावर वय एकाहत्तर.
कार्ड लहान आहे, म्हणते.

गुडघा नवा, सहा आठवड्यांचा. बाकीची ती जुनी.
मी कोनमापक लावते.
शाळेच्या कंपासपेटीत ज्याला कधी हात लावला नाही
त्याच्यावर आता घर चालतं.
एकशे सहा. परवापेक्षा चार जास्त.

लहानपण झांजिबारला गेलेलं, म्हणून ती स्वाहिलीत मोजते.
तिचा एक म्हणजे मोजा.
मला ती आज्ञाच वाटते. मी मोजते, मराठीत.
तिचे दहा आधी होतात;
मधले दोन-तीन ती गिळते.

फॉर्मवर रकाना: रुग्णाचं उद्दिष्ट.
जिना चढणे, मी लिहिलं होतं.
तिनं खोडायला लावलं. घरात जिनाच नाही.
खुर्चीत बसून नमाज पढते तर
कपाळ हवेत अडकतं.
सगळ्या बायका थाळ्याभोवती खाली,
मी वर, माझ्याच घरात पाहुणी.
लिही: जमीन.

लिहिलं.
हे नाही सांगितलं, की दीड वर्ष झालं
मीही मांडी घातलेली नाही.
मस्कतच्या मंडळात पंगत बसली
की मी वाढायला उभी राहते.
किती राबते, म्हणतात.

आज चटई अंथरली.
आधी मी करते, बघ:
खुर्चीला हात, एक गुडघा, दुसरा, मग कूस.
तीही उतरली, दात आवळून, माझ्या शेजारी,
आणि तळहात टेकल्यावर फरशी थोपटली,
दूध देऊन उभ्या शेळीची पाठ थोपटावी तशी.

उठताना खुर्ची सरकली.
माझा उजवा गुडघा कडकडला आणि नाही म्हणाला.
तिनं ऐकलं. कान तिचे अजून तरुण.
मोबाईल टेबलावर. बिन्सी सिस्टर चहाला गेलेली.

छताला एसीच्या गळतीचा डाग आहे, मोठा, पिवळा.
नऊ वर्षं इथे काम करते,
आज पाहिला.

तुझं कार्ड किती म्हणतं?
सत्तावन्न, मी तोडक्या अरबीत.
लहान आहे, ती म्हणाली.
कार्ड की मी, विचारलं नाही.

मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला,
कोन बघावा तसा,
आणि म्हणाली,
मोजा.