दोन बोटं सैल

आमच्या गावात घोडा आहे, पण त्याला पाय नाहीत.
लाकडी मान, वेताचा पिंजरा, जरीची झूल.
शिगम्याला बाबा तो कमरेला बांधतात
आणि बाबांचे पाय घोड्याचे होतात.
ढोल-ताशात तो शिवेपर्यंत जातो,
शीव बघतो, आणि वळतो.

उरलेलं वर्ष तो माळ्यावर, पोत्यात तोंड घालून.
त्याच्याखाली बसून मी शिकले
की घोड्याला ओकता येत नाही;
की त्याला गळ्याजवळचं हाड नसतं,
पुढचा सगळा भार नुसत्या मांसावर टांगलेला.
बाबा म्हणाले, मग तो आमच्यातलाच.

नेट घरात पोचत नाही.
टेकडीवर देवचाराच्या दगडापाशी दोन काड्या मिळतात,
म्हणून त्याला एक विडी ठेवायची, आणि फोन उंच धरायचा.
पडद्यावर बाई बर्फात उभी,
तिच्या तोंडातून वाफ, घोड्याच्या नाकातून वाफ,
आणि इथे काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
माझ्या मानेवरचा ओघळ थेट वहीत.
तिने खुराचा तळ दाखवला, मधला मऊ त्रिकोण.
ह्याला फ्रॉग म्हणायचं.
रात्री सांगितलं तर आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं:
बेडूक! खुरात!

तिसऱ्या धड्याला खूर साफ करतानाचा व्हिडिओ हवा होता.
बाबांनी भिंतीला हात टेकून, न बोलता, पाय मागे दुमडला.
भेगांत खाणीचा तांबडा गाळ,
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी.
मी चमच्याच्या दांड्याने कोरत गेले
टाचेकडून बोटांकडे, शिकवलं होतं तसं.
तो व्हिडिओ मी पाठवला नाही.

मग डिचोलीहून दोन बस बदलून मोरजी.
तिथे सांतानची घोडी, रेसकोर्सवरून उतरलेली,
कागदावर लांबलचक इंग्रजी नाव,
सांतान हाक मारतो: मावशे.
दिवसभर पाहुण्यांची पोरं पाठीवर, संध्याकाळी गवताचा भारा
तिथेच वाळूत टाकलेला.
मी दात बघितले, नाडी मोजली, छत्तीस.
पोटाचा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करून पाठवला,
खाली लिहिलं: माफ करा, मागे समुद्र आहे.

बर्फातून उत्तर आलं:
मला वाटतं हा समुद्र नाही. लांब नेऊन पुन्हा ऐक.

ओहोटीला तिला माडांमागे नेलं, रस्त्याच्याही पलीकडे,
आणि पोटाच्या तळाशी कान लावला.
लाट आली. सरकली. परत आली.
बादलीत कोणी वाळू हळूहळू कलती करावी तशी.
किती वर्षं गवताबरोबर किनारा खात होती ती.

सांतान म्हणाला, तूं माका घोडो शिकयतली?
मी काही बोलले नाही.
तोही नाही, दुपार उलटेपर्यंत.
मग मासळीचं निळं पिंप त्याने अर्ध्यात कापलं
आणि गवत त्यात टाकलं.

म्हापशाच्या फार्मसीत मी इसबगोल मागितलं, आठ डबे.
कोणासाठी?
मावशीसाठी.
वय?
एकोणीस.
त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि बिल केलं.

ह्या शिगम्याला बाबांनी घोडा बांधला
तेव्हा दोरीखाली मी दोन बोटं सरकवून पाहिली.
शिरली नाहीत.
सैल करा, बाबा, श्वासाला जागा हवी.
घोडो सुटलो तर? ते हसले,
पण गाठ सोडली, पुन्हा बांधली, पोट फुगवून पाहिलं.

शिवेवर तो वळला तेव्हा मी पलीकडे उभी होते,
थांब्यावर, मांडीवर डबा.
मावशेला रात्रीचा डोस असतो.