अपवाद नसलेला नियम

पोझो अल्मोंतेच्या शाळेत बदलून आले
तेव्हा छत्री घेऊन आले होते. सवयीनं.
वाल्दिव्हियात आमच्याकडे छत्री खुंटीवर नाही, हातातच असते.
इथल्या मुलांनी ती आळीपाळीनं उघडून बघितली,
मग ती प्रयोगशाळेच्या कपाटावर गेली
ती गेलीच.

नववीचा वर्ग. फळ्यावर नियम:
सोडियम, पोटॅशियम, अमोनियम, यांचं सगळं विरघळतं.
क्लोराइडं विरघळतात; चांदी, शिसं, पारा सोडून.
सल्फेटंही, पण बेरियम अडून बसतं.
कार्बोनेटांची तऱ्हा उलटी, बहुतेक तळ गाठतात.
आणि सगळ्यांच्या वर, खडू दाबून:
नायट्रेटं विरघळतात. सगळी. अपवाद नाही.

"आधी सांगायचं, मग ओतायचं."
एका नळीत सिल्व्हर नायट्रेट, दुसरीत मीठ,
दोन्ही मोजून सारखी,
दोन्ही इतकी नितळ की चिठ्ठ्या लावाव्या लागल्या.
एलिसेओ म्हणाला, काही होणार नाही.
तो सगळ्यालाच तसं म्हणतो.
नायरा चायापानं बोटांवर जोड्या बदलून पाहिल्या,
ओठ हलवत, उधारी मोजल्यासारख्या,
आणि म्हणाली: पांढरं. चांदीचं क्लोराइड.

ओतलं.
दूध फाटावं तसं नळीत काहीतरी फाटलं
आणि कवडी कवडी होत खाली बसायला लागलं.
वर्ग "आऽ" म्हणाला. एलिसेओसुद्धा.

अवक्षेप, मी लिहिलं.
नायराचा हात वर. तिचा आक्षेप होता.
"बाई, नायट्रेट जर सगळंच विरघळतं,
तर माझे आजोबा सांता एदुविहेसला
सुरुंग लावून काय फोडायचे?
दगड होता तो. सोऱ्याचा. पाठ मोडेपर्यंत कडक.
तो का नाही विरघळला?"

मी तोंड उघडलं
आणि नजर कपाटावर गेली.
छत्रीवर बोटभर धूळ.

"पाऊस कधी पडला होता इथं?"
वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, धाकटा झाला त्या वर्षी.
कुणी म्हणालं, तो पाऊस नव्हता, टाकी फुटली होती.
नायरा गप्प.
तिला कळलं होतं, हे मला कळलं.
नियम मोडला नव्हता.
त्याला कुणी पाणीच दिलं नव्हतं.

मग आम्ही गाळलं.
पांढरं कागदावर राहिलं, दुपारपर्यंत जांभळट पडलं.
खालचं पाणी, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं,
मी बशीत ओतून खिडकीत ठेवलं.

सोमवारी बशीत पाणी नव्हतं.
कडेला मात्र दाणे होते, तिरपे, काचेचे,
सोडियम नायट्रेट, चिमूटभर.
नायरानं खिशातून एक बिल्ला काढला,
आजोबांच्या मजुरीचा,
कंपनीच्या दुकानाबाहेर ज्याला कुणी भाकरी देत नसे,
आणि बशीशेजारी ठेवला.

एलिसेओ चंचुपात्र घेऊन पुढे आला.
"पाणी घालू? विरघळतं का बघू?"

"थांब," ती म्हणाली.
"विरघळणारच आहे.
थोडा वेळ असू दे."