चाळीस जणांची यादी

पहाटेचे साडेतीन. ईरी सरोवरावरून आलेला बर्फ
काचेवर आडवा आदळतोय,
आणि मी, ऑगस्ट झेलिन्स्की, महापालिकेचा ट्रक नंबर सतरा,
रस्ते खरवडता खरवडता
हेरन्सचा संघ पुन्हा एकदा नीट लावतोय.

माझं म्हणणं साधं आहे.
त्या डावखुऱ्या पिचरला पाच वर्षांचा करार
म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
खांदा दोनदा उघडून शिवलाय त्याचा.
एप्रिलमध्ये देवासारखा टाकतो, कबूल.
पण हंगाम काय एप्रिलमध्ये संपतो?
ऑगस्टमध्ये बघा त्याचा चेंडू,
जणू पोस्टाने पाठवलाय.

शॉर्टस्टॉपला मात्र कुणाच्या बदल्यातही देऊ नका.
पोरगं तेवीसचं, बॅट अजून कच्ची,
पण जमिनीलगतचा चेंडू असा उचलतं
की चेंडूला उसळायचं होतं हेच तो विसरतो.

तिसऱ्या बेसचं मला विचारू नका.
तिथे गेली चार वर्षं
आमची नुसती आशा उभी आहे, ग्लव्ह घालून.

आणि कॅचर.
कॅचरबद्दल मी ऑक्टोबरपासून बोलतोय.
मिठाच्या डेपोत, मर्नाच्या कॉफीच्या काउंटरवर,
मेहुण्याकडे टर्की कापताना.
रामिरो ओकेन्डोला जाऊ द्या, म्हणालो.
छत्तीस वर्षांचा झाला. गुडघे म्हणजे जुन्या फाटकाची बिजागरं.
दुसरा बेस चोरायला निघालेल्याला
तो आता बाद करत नाही, निरोप देतो.
अकरा हंगाम पुष्कळ झाले.
उपकार मोजत बसलं तर सामने कोण जिंकणार?
मेहुणा म्हणाला, तू फार कोरडा माणूस आहेस.
मी म्हणालो, मी हिशेबी आहे. कोरडी ही टर्की आहे.

मंगळवारी यादीतून त्याचं नाव काढलं.
दोन ओळींची बातमी, तीही हवामानाच्या खाली.
म्हणजे शेवटी माझं ऐकलं म्हणायचं.
डेपोत कुणीतरी पाठीवर थाप मारली.
मी मीठ भरत राहिलो.

हॉथॉर्न लेन माझ्याच फेरीत येते.
त्याचं घर सगळ्यांना ठाऊक आहे.
बायको इथलीच, प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते,
म्हणून बाकीचे फ्लोरिडाला पळतात तेव्हाही
हा इथेच, कानटोपी घालून.

पावणेपाचला दिव्याच्या झोतात दिसला.
टपालपेटीच्या खांबाजवळ उकिडवा बसून
हाताने बर्फ काढत होता.
ते बसणं मी अंधारातही ओळखलं असतं.
अकरा वर्षं पाहिलंय, स्वस्तातल्या बाकावरून,
पोपकॉर्नचा कागद मुठीत चुरगाळत.

मग तो उठला.
म्हणजे उठायला गेला, खाली बसला,
आणि फावड्याला धरून पुन्हा उठला.
बघा, मी म्हणालोच होतो,
असं मी मोठ्याने म्हणालो.
केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

आमचं काम कसं असतं, सांगतो.
रस्ता साफ होतो, आणि सगळा बर्फ
कडेच्या घरांच्या तोंडाशी गुडघाभर साचतो.
माणूस तासभर खपून वाट मोकळी करतो,
आम्ही एका फेरीत ती बुजवतो.
थांबायचं नाही, दारं बघायची नाहीत, असा नियम आहे.

त्याच्या दाराशी मी पातं वळवलं.

त्याने हात वर केला. आभार असतील.
हातमोज्यातलं मला काय दिसणार,
तरी वाटलं एकच बोट काढलंय,
सरळ टाक, जोरात टाक, या खुणेचं.

आता नवा कॅचर येतोय टेक्सासवरून, एकवीस वर्षांचा.
मनगट चांगलं आहे म्हणतात. बघू.
मत बदललेलं नाही माझं. तसं समजू नका.

बर्फ कुठेतरी टाकावा तर लागतोच.
समोरच्या दंतवैद्याच्या दारात टाकला, चांगला कमरेइतका.
सकाळी तक्रारीचा फोन येईल.
येऊ दे.