शेजारची सीट

चौदा वर्षं मी एस्कोच्या उजव्या हाताला बसले
आणि रस्ता पाहिला नाही.

मांडीवर वही, मनगटाला दोरीनं बांधलेली शिसपेन,
डोक्यावर हेल्मेट, आणि मी वाचत असायचे:
डावं चार, लांबतं. शंभर. उंचवटा, सरळ धर.
उजवं तीन, आत कापू नको, दगड.
प्रत्येक वळण आधी माझ्या तोंडून जायचं,
मग त्याच्या हातांतून.
मला रस्ता कळायचा तो माकडहाडातून:
खडी, मऊ वाळू,
मग काहीच नाही, म्हणजे आम्ही हवेत.
हवेत असताना वाचणं थांबवायचं नसतं.

तो शिकला गोठलेल्या तळ्यावर, बापाच्या गाडीत.
बर्फावर ब्रेक म्हणजे नुसती इच्छा, असं म्हणायचा.
बाप लाकडाच्या गिरणीत कामाला, डाव्या हाताला तीनच बोटं,
त्या तीन बोटांनी त्यानं पोराला गिअर शिकवला.
पहिली गाडी गोठ्यात जोडली, गाई बघत होत्या.
दारावर पहिली जाहिरात गावच्या बेकरीची,
मोबदला: हंगामभर आंबट काळा पाव.
तो पाव खाऊन आम्ही चौथे आलो.

मग कंपनीची गाडी, कंपनीचे कपडे,
आमच्या नावांचे उच्चार चुकवणारे निवेदक.
लोक अजून विचारतात, केनिया कसं होतं?
केनिया होतं: दीडशे, खड्डा, डावं पाच, गुरं असतील.
कॉर्सिका?
उजवं दोन, उजवं दोन, डावं दोन, कठडा नाही.
पोर्तुगालमध्ये समुद्र होता म्हणे.

ग्रीसमध्ये घामानं पानं चिकटली.
मी एक उलटायला गेले, दोन उलटली.
मधलं एक वळण कुणी उच्चारलंच नाही.

सहा कोलांट्या. मी मोजल्या,
मोजणं हेच माझं काम होतं.
त्याचा गुडघा गेला. मला खरचटलंसुद्धा नाही.
पत्रकारांना तो म्हणाला, डोळ्यांवर ऊन आलं.
त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं.
आम्ही यावर कधी बोललो नाही,
आजतागायत नाही.

पुढे दोन हंगाम ओढले, लंगडत.
मग तीन ओळींचं पत्र, त्यात धन्यवाद दोनदा.
सगळ्यांत मोठा चषक, जगात तिसरा आलो तेव्हाचा,
त्याच्या बायकोनं सॉनात ठेवलाय.
मिर्या त्यातून तापल्या दगडांवर पाणी ओतते.
म्हणते, कडी चांगली आहे, चटका बसत नाही.

आता तो नगरपालिकेची शाळेची टॅक्सी चालवतो.
केउरूच्या उत्तरेला, पाच मुलं, पाच दप्तरं,
ताशी पन्नास.
ऑक्टोबरात माझी गाडी बंद पडली, तेव्हा म्हणाला, चल, सोडतो.
मी पुढे बसले. हात मांडीवर गेले,
तिथं काही नव्हतं.

म्हणून वर बघितलं.
रांगेनं पत्रपेट्या, एकीचं झाकण उघडं.
भूर्जांची पानं पिवळी, तळ्यावर वाफ,
एक म्हातारी सायकल हातानं ढकलत निघालेली.
एवढं सगळं त्याला दिसत होतं, इतकी वर्षं,
आणि कधी सांगितलं नाही त्यानं.
की माझ्याच आवाजात बुडून गेलं?

मागून एक मुलगी म्हणाली, एस्को, तू फार हळू चालवतोस,
आपल्याला बसनं मागं टाकलं.
तो म्हणाला, हो.

मग चढ आला, ओळखीचा,
पायांना आधी कळलं, डोळ्यांना नंतर.
जुना टप्पा होता आमचा, आता डांबर घातलेला.
मी न ठरवता म्हणाले: उजवं तीन.
आत कापू नको, तो म्हणाला,
आणि गाडी आणखी हळू केली.

दगड होता तिथंच.
गुडघ्याएवढा. शेवाळलेला.
त्याच्या टोकावर कुणीतरी अडकवलेला
सापडलेला लाल हातमोजा,
लहान मुलाचा, एकच.