हिरव्या चष्म्याची बाई

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
दर गुरुवारी आम्ही डबे वाटतो.
वाटाणे, सूप, बीन्स, नशीब असेल तर पीच.
यादीवर खुणा मी करते. बारा वर्षं झाली.
चेहरे वाचता येतात मला,
असा माझा समज.

थेल्मा रॅग्सडेल नखं रंगवून यायची.
लालभडक.
ती नखं पाहिली की मी कॉफीची बाटली
टेबलाखाली सरकवायचे,
खऱ्या गरजूसाठी.
एकदा तिने तांदळाची पिशवी परत केली.
बोलली काही नाही, नुसती काठावर ठेवली.
धर्माची गाय अन् दात का गं नाही,
मी मनात म्हटलं
आणि वर हसले.

फेब्रुवारीत चर्चच्या वार्षिकात
तिची चार पानं आली.

"तांदूळ शिजायला आग लागते.
मीटरमध्ये चाळीस पेन्स होते,
त्यात पोराला वाफारा दिला.
पीचला आग लागत नाही.
पण पीच मागायची लाज वाटली."

"हॅडक सोलून नखं पिवळी पडतात, चिरतात,
चिरेत मीठ जातं.
रंगाची बाटली एका पौंडाची, सहा महिने पुरते.
रंग लावला की बसमध्ये
शेजारचा माणूस उठून जात नाही."

"यादीवाल्या बाईचा चष्मा हिरवा आहे.
ती आधी हात बघते, मग नाव विचारते.
हसली की वरचे आठ दात दिसतात.
नववा दिसेल त्या दिवशी
मी कॉफी मागणार आहे."

ओट्याशी उभ्यानेच वाचलं.
किटली उकळून बंद झाली, पुन्हा लावली,
पुन्हा बंद झाली.
तिसऱ्यांदा बटणावर बोट ठेवलं आणि थांबले:
एका किटलीला किती पेन्स लागतात?
साठ वर्षांची मी. ठाऊक नव्हतं.

आधी राग आला, खोटं कशाला सांगू.
मग आरशासमोर जाऊन हसले.
आठच.

मिस्टर ऑलगुड वाचून रडले,
वारलेल्या बायकोचा कोट घेऊन आले.
तिने तो अंगाला लावून पाहिला,
बाह्या लांब आहेत म्हणाली, आणि परत दिला.
पाद्रीबाबांनी विचारलं,
वसंतातल्या मेजवानीत वाचशील का? देणगीदार येतात.
"किती देणार?"

तळघरात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू आली.

"मासे सोलायचे तासावर मिळतात.
हे लिहायला नऊ रात्री गेल्या."

"बघा!" असं कुणीतरी म्हणू लागलं.
तो आवाज माझाच होता.
अर्धा शब्द बाहेर पडला,
अर्धा गिळला. अजून घशात आहे.
गरजवंताला अक्कल नसते, असं आम्ही म्हणतो.
आम्ही म्हणजे कोण,
हे तिच्या तिसऱ्या पानावर आहे.

काल गुरुवार. ती आली.
रंग अर्धा उडालेला,
डाव्या अंगठ्यावर पट्टी.
मी आधी नाव विचारलं, बारा वर्षांनी उलट क्रमाने,
आणि नजर कुठे ठेवावी ते कळेना.
पीच ठेवले. कॉफी वर ठेवली.
हसू नये म्हणून ओठ घट्ट मिटले होते.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
मग पिशवीची गाठ मारत म्हणाली,
"काय हो, दाढ दुखतेय का?"