काटा: ती

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
भूगोल ठरला. चित्रकला सुटली.
खालच्या चौकटीपाशी इमोजेनचं पेन अडलंय.

कशाला जर्मन, म्हणाले वडील,
ग्रिम्सबीच्या धक्क्याला आता बोटीच लागत नाहीत,
लागतात त्यांना इंग्रजी येतं.
शाळेतही चौघांनीच नाव दिलंय,
सहा झाले नाहीत तर वर्ग बंद,
मिसेस थ्रेलफॉल पुन्हा फ्रेंचच शिकवणार.

ती जेवणाचं टेबल मांडते, पुटपुटत:
चमचा, तो.
काटा, ती.
सुरी, ते.
इतकी वर्षं एकाच खणात पडलेली ही मंडळी;
त्यांच्या इंग्रजीत कुणी विचारलंच नव्हतं
तुम्ही कोण म्हणून.

"बाबा, ती द्या ना जरा."

वडिलांचा हात बशीवरच थांबतो.
ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघतात,
जिच्यावर मार्चपासून
धुतलेले कपडे साठतात.
या घरात कुणाला 'ती' म्हणून
बरेच दिवस झाले.

"काटा म्हणत होते मी," इमोजेन म्हणते.
"जर्मनमध्ये ती असते."
"हं," वडील म्हणतात. मटार गार होतात.

सकाळी फॉर्म ओट्यावर.
चौकटीत तिची खूण, खाली त्यांची वाकडी सही,
आणि कागद उडू नये म्हणून
वर ठेवलेली
काटा.