प्रश्न सातवा

कीथली. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले.
चढावर खांद्याला खांदा लावून उभी दगडी घरं
आणि माझ्या बॅगेत चौदा पानी प्रश्नावली,
विद्यापीठाच्या समितीने तीनदा तपासलेली.

प्रश्न सातवा : तुमच्या घरात ओल आहे का?
होय. नाही. सांगता येत नाही.

डोरीन हार्टली चष्मा पुसत म्हणाली,
"ह्याला कुणी खरं उत्तर देणार नाही, पोरी.
होय म्हटलं की घरमालक म्हणतो, दुसरं घर बघा.
असं विचार : कपडे कुठे वाळवता?
पलंग भिंतीपासून किती सरकवलाय?"

शमशाद बीबींनी न बोलता कपाट पुढे ओढलं.
मागे काळा नकाशा,
दर हिवाळ्यात हद्द वाढवणारा.
काठाकाठाने पेन्सिलीच्या तारखा.
नातवाला पहिल्यांदा पंप लागला, ती रात्रही.
सहा वर्षांच्या नोंदी, वॉलपेपरवर.
आमच्या अनुदानाची मुदत अठरा महिने.

मी सांगोल्याकडची. आमच्यात ओल म्हणजे
मातीत बोट खुपसून वडील हसायचे, ती.
मायेलाही आम्ही ओलच म्हणतो.
तोच शब्द इथे भिंतीला बुरशी होऊन चिकटलेला,
आणि मला ठसका लागला.

मग गुरुवारी संध्याकाळी, लाँड्रीच्या मागच्या खोलीत
अकरा बायका आणि बस चालवून निवृत्त झालेले गुलफराज
यांनी सातवा प्रश्न खोडला. नववा खोडला.
बारावा ठेवला, पण हसून.
"आकडे आधी आम्ही वाचणार," डोरीन म्हणाली,
"आणि पत्ते कुणाच्या हाती लागता कामा नयेत."
लीड्सहून माझ्या सरांचा फोन : नमुना बिघडेल.
मी म्हटलं, बिघडू दे.
(म्हटलं नाही खरं तर. म्हटलं, बघते.)

निबंध छापून आला. नावं सगळ्यांची,
शमशादमधला एक श गळालेला.
घरमालकाने रंगारी पाठवला :
पांढरा रंग, दोन हात, तारखांसकट.

फेब्रुवारीत त्यांनी बोलावलं.
कोपऱ्यात तिळाएवढा डाग.
पेन्सिल माझ्या हातात देत म्हणाल्या,
"तू लिही. तुझी तारीख लोक मानतात."

मी लिहिली.
त्यांनी पेन्सिल परत घेतली
आणि खाली, जरा दाबून,
तीच तारीख पुन्हा लिहिली.